गाडी काकांची, चालवणारा पुतण्या : विमा नेमका कोणाचा?

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मोटारगाडी क्वचितच एका माणसाची असते. ती घराची असते. कर्ज मुंबईत नोकरी करणाऱ्या थोरल्या भावाला मिळाले, म्हणून आर.सी. बुकावर नाव त्याचे. गाडी उभी गावच्या अंगणात. चालवणारा धाकटा, कारण रोजचा रस्ता त्याच्या अंगवळणी पडलेला. गणपतीत आणि शिमग्याला हेच चित्र उलटे होते. चाकरमानी आपली गाडी घेऊन गावी येतात आणि उतरल्या उतरल्या किल्ली पुतण्याच्या हातात पडते. आजीला बिरवाडीच्या डॉक्टरकडे न्यायचे, आत्याला वीर स्टेशनवरून आणायचे, नव्या जावयाला रायगड दाखवायचा, पाव्हण्यांना आंबेनळी घाटाने महाबळेश्वर फिरवून आणायचे. स्टेअरिंगवर कधी पुतण्या, कधी भाचा, कधी मेहुणा. मालक मागच्या सीटवर डुलकी काढत असतो, नाहीतर गाडीतच नसतो.

या चालवण्यात बेकायदा काही नाही. पण अपघात झाला तर विम्याचे पैसे कोणाला मिळतात, हा प्रश्न विचारला की घराघरांत दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. एक उत्तर : "गाडी दुसऱ्याच्या नावावर आहे, तेव्हा कंपनी एक पैसाही देणार नाही." दुसरे उत्तर : "फुल्ल इन्शुरन्स आहे, सगळ्यांना सगळे मिळते." मी वकील नाही आणि विमा एजंटही नाही. पॉलिसीचे कागद, मोटार वाहन कायदा आणि न्यायालयांचे निकाल स्वतःच वाचत गेलो, आणि त्या वाचनातून माझ्या लक्षात आले की ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आपल्याकडचा विमा नातेवाइकाने गाडी चालवली म्हणून मोडत नाही. पण त्या विम्यात एक भोक आहे, आणि ते बरोबर त्या माणसाच्या जागी आहे जो दुसऱ्याची गाडी चालवत असतो. रस्त्यावरच्या परक्याला संरक्षण आहे, गाडीला आहे, पगारी ड्रायव्हरलाही आहे. घरच्या पुतण्याला मात्र बहुतेक वेळा नाही.

विमा गाडीचा की माणसाचा?

आधी पहिला गैरसमज दूर करू. भारतात खाजगी मोटारीच्या पॉलिसीत चालकाविषयी एक ठरावीक कलम असते. ते बारीक इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे सहसा कोणी वाचत नाही. त्याचा आशय असा : विमाधारक धरून कोणतीही व्यक्ती ही गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन असले पाहिजे आणि लायसन धारण करण्यास ती अपात्र ठरवलेली नसावी. शिकाऊ लायसन असलेलाही चालवू शकतो, पण त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसरा नियम पाळला पाहिजे. म्हणजे शेजारी लायसनधारक शिकवणारा बसलेला हवा आणि गाडीवर लाल रंगातले 'एल' हवे.

थोडक्यात, आपल्याकडे विमा गाडीला चिकटलेला असतो, चालकाला नाही. चालकाचे नाव पॉलिसीत असण्याची गरज नाही आणि त्याचे मालकाशी नाते काय, हेही पाहिले जात नाही. सख्खा भाऊ, चुलत भाऊ, शेजारी, कोणीही चालेल.

हे सगळ्या जगात असेच आहे असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये पॉलिसीत साधारणपणे चालकांची नावे लिहिलेली असतात. ज्याचे नाव नाही आणि ज्याच्या स्वतःच्या पॉलिसीत दुसऱ्याची गाडी चालवण्याची मुभा नाही, त्याने सख्ख्या बहिणीची गाडी चालवली तरी तो विम्याशिवाय गाडी चालवणारा ठरतो. त्याला ३०० पौंड दंड होतो आणि लायसनवर सहा दंडगुण चढतात. आपल्या भागातली मुले आता लंडन-मँचेस्टरला जाऊ लागली आहेत. गावची सवय घेऊन तिथे मित्राची किल्ली हातात घेण्यापूर्वी त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. मौज अशी की आपला कायदा घडला तो ब्रिटिश वळणावरच.

परक्यासाठी केलेला कायदा

ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने गाडीचा विमा सक्तीचा केला. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यातले विम्याचे प्रकरण मात्र लगेच लागू झाले नाही, ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. पुढे १९८८ चा कायदा आला. त्याच्या अकराव्या प्रकरणात कलम १४६ विमा सक्तीचा करते आणि त्या विम्यात कमीत कमी काय असावे हे कलम १४७ सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने या प्रकरणात मोठे बदल झाले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

एवढ्या सगळ्या बदलांत मूळ हेतू तोच राहिला. सक्तीचा विमा गाडीवाल्याच्या सोयीसाठी केलेलाच नाही. तो गाडीखाली येणाऱ्या माणसासाठी आहे. महाडच्या बाजारात रस्ता ओलांडणारी म्हातारी, पोलादपूरच्या नाक्यावर उभा असलेला शाळकरी मुलगा, यांना गाडीवाला गरीब असो वा श्रीमंत, भरपाई मिळावी, एवढ्यासाठी राज्यसंस्थेने ही सक्ती केली. म्हणून त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. विमा घेणारा पहिला पक्ष, कंपनी दुसरा पक्ष, आणि ज्याचे नुकसान झाले तो तिसरा. पुढचा सगळा गुंता एका प्रश्नात सामावलेला आहे : गाडी चालवणारा पुतण्या यांतला कितवा?

एक अपघात, पाच हिशेब

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण आपल्याकडच्या कोणत्याही घराला लागू पडेल. कापड्याच्या एका कुटुंबाची गाडी काकांच्या नावावर आहे. काका परळला राहतात आणि गणपतीला गाडी घेऊन आले आहेत. पुतण्या गाडी चालवतो आहे, त्याचे लायसन वैध आहे. शेजारी काका, मागे काकू आणि आजी. वळणावर पुतण्याचा ताबा सुटतो, गाडी एका पादचाऱ्याला धडकते आणि कठड्यावर आदळते. दुसऱ्या कोणत्याही गाडीचा यात संबंध नाही.

पहिला हिशेब पादचाऱ्याचा. तो निखळ तिसरा पक्ष. त्याला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळणार, आणि ती काकांच्या गाडीची विमा कंपनी देणार. गाडी पुतण्या चालवत होता याने काही फरक पडत नाही. मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनीला द्यावी लागते. परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खाजगी मोटारीच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते.

दुसरा हिशेब गाडीचा. काकांनी 'पॅकेज' पॉलिसी घेतली असेल तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम मंजूर होतो. आपल्याकडे हिलाच 'फुल्ल' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात. पुतण्या प्यायलेला नसावा आणि गाडी भाड्याने नेलेली नसावी, एवढे कंपनी पाहणार. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर दुरुस्ती घरच्या खिशातून.

तिसरा हिशेब काकू आणि आजीचा. येथेही पॉलिसीचा प्रकार निर्णायक ठरतो. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खाजगी गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्यांना संरक्षण नाही, असा न्यायालयांचा कल राहिला आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला. म्हणजे पॅकेज पॉलिसी ही केवळ पत्रा आणि बंपरची काळजी नव्हे. आजीच्या सीटचे संरक्षणही तिच्यातच आहे. हे एजंट क्वचितच सांगतात.

चौथा हिशेब खुद्द काकांचा. काका मालक, म्हणजे पहिला पक्ष. आपल्याच गाडीत बसलेला मालक तिसरा पक्ष होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. काकांना आधार आहे तो पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याचा. त्याविषयी पुढे येईल.

पाचवा हिशेब पुतण्याचा. त्याचा पाय गेला, किंवा तो मरण पावला, तर?

मालकाच्या जागी बसलेला

पुतण्या मालक नाही, तेव्हा तो तिसरा पक्ष असणार, असे साध्या माणसाला वाटते. न्यायालयांनी तसे मानलेले नाही. यासंबंधीचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २००९ चा. कर्नाटकातला एक तरुण दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन चालला होता. पुढे लोखंडी पत्रा नेणारी बैलगाडी होती. ती अचानक थांबली, धडक झाली आणि तरुण मरण पावला. बायकोपोरांनी त्याच मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे कलम १६३अ खाली भरपाई मागितली. चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक कोष्टकाने भरपाई देणारे ते कलम होते. न्यायालय म्हणाले, ज्याने मालकाच्या परवानगीने गाडी उसनी घेतली तो मालकाच्या जागी उभा राहतो. मालक स्वतःकडून भरपाई मागू शकत नाही, म्हणून उसनी घेणाऱ्याचे वारसही त्या कलमाखाली मागू शकत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा लावले. तेथेही मोटारसायकल उसनीच होती. धडक दुसऱ्या मोटारसायकलशी झाली होती आणि वारसांचे म्हणणे होते की चूक त्या दुसऱ्याची. पण दावा लावला तो मात्र आपल्याच उसन्या मोटारसायकलच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. न्यायालयाने सांगितले, ज्याची चूक म्हणता त्याच्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर दावा करायला हवा होता. वारसांच्या हाती पडले ते पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात कलमाचे एक लाख रुपये आणि त्यावरचे व्याज. चुकीच्या दारावर थाप मारल्याने केवढा फरक पडतो, याचे हे बोलके उदाहरण.

जुलै २०२५ मध्ये आणखी एक प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. कर्नाटकात २०१४ साली अरसीकेरेकडे जाणारी मोटार उलटून चालवणारा मरण पावला. गाडीत त्याचे वडील, बहीण आणि भाचरे होती. वारसांनी ८० लाख रुपये मागितले. उच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. 'बेदरकार गाडी चालवणाऱ्याला विमा नाही' अशा मथळ्यांनी ही बातमी फिरली आणि लोक घाबरले. खरे तर त्यात नवे काही नव्हते. अपघात चालवणाऱ्याच्याच चुकीने झाला होता आणि गाडी उसनी घेतलेली होती. आपल्याच चुकीची भरपाई आपल्याला मागता येत नाही आणि उसनी घेणारा मालकाच्या जागी बसतो, ही दोन जुनी तत्त्वेच तेथे एकत्र आली. त्याच्या बेदरकारपणामुळे इतरांचे नुकसान झाले असते तर कंपनीची जबाबदारी सुटली नसती.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. कलम १६३अ आता १ एप्रिल २०२२ पासून नाही. त्याच्या जागी आलेले नवे कलम १६४ मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरवून देते. जुन्या कलमाखाली मालकाच्या मृत्यूची भरपाई कंपनीकडून मागता येते का, हा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. वाद संपलेला नाही. पण घराने आपली व्यवस्था न्यायालयाच्या पुढच्या निकालावर सोडून देऊ नये.

यात एक विसंगती आहे आणि ती मला फार बोचते. काकांनी पगारी ड्रायव्हर ठेवला असता, तर कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याखालची त्याच्याविषयीची जबाबदारी सक्तीच्या विम्यातच धरलेली आहे. पगार घेऊन चालवणाऱ्याला संरक्षण, आणि नात्याखातर, एक पैसा न घेता रात्रीचा कशेडी ओलांडणाऱ्या पुतण्याला नाही. कायद्याच्या तर्काने हे बरोबर असेल. घराच्या न्यायाने नाही.

पंधरा लाखांचा गैरसमज

"पण पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा असतो ना?" असतो. तो कोणाचा, हे पाहिले पाहिजे.

पूर्वी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा दुचाकीसाठी एक लाख आणि मोटारीसाठी दोन लाखांचा होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर विमा नियामकाने सप्टेंबर २०१८ मध्ये तो किमान पंधरा लाखांचा केला. तेव्हा त्याचा वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरवला होता. नावातच 'मालक-चालक' आहे, आणि अटी तीन आहेत : ती व्यक्ती गाडीची नोंदणीकृत मालक हवी, पॉलिसीत विमाधारक म्हणून तिचेच नाव हवे, आणि तिच्याकडे वैध लायसन हवे. मालक गाडी चालवत असताना, गाडीत चढता-उतरताना किंवा सहचालक म्हणून प्रवास करताना झालेला अपघात यात येतो. पुतण्या येत नाही.

आता आपल्या भागातली आणखी एक पद्धत पाहा. कितीतरी गाड्या वडिलांच्या किंवा आईच्या नावावर घेतलेल्या असतात. कधी कर्जासाठी, कधी मानासाठी, कधी पहिली गाडी आईच्या नावाने घ्यावी या भावनेने. त्या माउलीने आयुष्यात स्टेअरिंगला हात लावलेला नसतो. मालकाकडे लायसनच नसेल तर मालक-चालक विमा देताच येत नाही. हप्ता भरला असला तरी अटी पुऱ्या होत नाहीत. म्हणजे त्या गाडीवर पंधरा लाखांचा विमा आईला नाही, कारण ती चालक नाही. आणि मुलाला नाही, कारण तो मालक नाही. भावना चांगली, पण तिची किंमत माहीत असावी.

भोक बुजवायचे कसे?

उपाय महाग नाही. पॉलिसीला जोडपत्रे घेता येतात. त्यांतले १५ क्रमांकाचे जोडपत्र नाव लिहिलेल्या व्यक्तींसाठी वैयक्तिक अपघात विमा देते. जो पुतण्या गाडी नेहमी चालवतो त्याचे नाव तेथे घालावे. १६ क्रमांकाचे जोडपत्र नावे न लिहिलेल्या प्रवाशांसाठी असते. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला "पंधरा नंबर आहे का?" असे विचारले की बहुतेकदा तोही कागद उलटून पाहू लागतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाने वैयक्तिक अपघात पॉलिसी घेणे. ती माणसाबरोबर फिरते. आज काकांची गाडी, उद्या मामाची, परवा मित्राची बाइक, कशावरही असला तरी ती लागू.

अगदी हातात पैसा नसेल त्यानेही एक गोष्ट करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून आहे. बँकेतल्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. दोन लाखांनी घर उभे राहत नाही, पण पहिले वर्ष निभावते. हप्ता दरवर्षी जून महिन्याच्या सुरुवातीच्या मुदतीसाठी कापला जातो. तेव्हा खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते, म्हणून मे महिन्यात पासबुक भरून पाहावे. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यात १० ते ७५ वयोगटातील शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूनंतर दोन लाखांची मदत मिळते. सातबाऱ्यावर नाव असलेली घरे पोलादपुरात पुष्कळ. दुर्घटना घडल्यावर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावे, कारण अर्जाला मुदत असते.

नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा

दुसरा मोठा घोळ तोंडी व्यवहाराचा. काका नवी गाडी घेतात आणि जुनी पुतण्याला देऊन टाकतात. पैसे घेतले नाहीत, मग कागद कशाला, असा विचार. पण कायद्याच्या नजरेत मालक तोच ज्याचे नाव आरटीओच्या नोंदीत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. दोन वर्षांनी विमा संपला, पुतण्याने तो भरला नाही आणि विन्हेऱ्याच्या रस्त्यावर कोणाला धडक दिली, तर भरपाईची नोटीस परळच्या पत्त्यावर जाईल. पुतण्याबरोबर काकाही त्या भरपाईला बांधले जातील. नाते टिकवायचे असेल तर नाव बदलून द्यावे. पेणच्या आरटीओत एक फेरी मारणे हे न्यायालयात दहा वर्षे हेलपाटे घालण्यापेक्षा सोपे.

नाव बदलले की विमाही बदलावा लागतो. थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कायदा धरतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. हस्तांतरानंतर १४ दिवसांत कंपनीला कळवावे. 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो. अपवाद एकच : विमाधारक मरण पावला आणि गाडी पती-पत्नी, मुले किंवा आई-वडील यांच्या ताब्यात आली तर तो त्यांना मिळू शकतो.

मालकाचा मृत्यू झाल्यास काय? पॉलिसी त्याच दिवशी संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांतले जे आधी असेल तोपर्यंत ती चालू राहते. आरटीओलाही ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत वारसाने नावावर करून घ्यायची असते. आपल्याकडे सातबाऱ्याचा फेरफार वर्षानुवर्षे रखडतो, तशी गाडीही दिवंगत आजोबांच्या नावावर धावत राहते. जमीन जागची हलत नाही. गाडी हलते आणि कोणाला तरी धडकते. हा फरक आहे.

लायसन, भाडे आणि पूर

तीन गोष्टी थोडक्यात. पहिली, लायसन. चालवणाऱ्याकडे वैध लायसन नसेल तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम जातोच. परक्याच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये घालून दिलेली रीत अशी, की मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अट मोडली हे कंपनीने सिद्ध करावे. ते सिद्ध झाले तरी अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करू देतात. म्हणजे सोळा वर्षांच्या भाच्याला हौसेने दिलेली किल्ली मामाच्या घरावर बोजा चढवू शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. एक दिलासाही आहे. साध्या हलक्या मोटारीच्या लायसनवर साडेसात टनांखालचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. घरची पिकअप चालवणाऱ्यांना तो उपयोगी आहे.

दुसरी, भाडे. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी सणासुदीला माणशी पैसे घेऊन मुंबईला सोडणे हे आपल्याकडे सर्रास चालते. खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीतल्यांचे जबाब घेतो आणि "आम्ही सातशे रुपये दिले" हे एक वाक्य क्लेम अडवायला पुरेसे होते.

तिसरी, पूर. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा रस्त्यांवरच्या आणि इमारतींखालच्या गाड्याही बुडाल्या. पूर, वादळ, दरड हे सगळे पॅकेज पॉलिसीच्या नुकसानीच्या भागात येते, थर्ड पार्टीत नाही. आणि येथे एक सापळा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकच वर्षाचा असतो. मालक मुंबईत, गाडी गावात. कागदावर तीन वर्षांची तारीख पाहून सगळे निश्चिंत, आणि दुसरा भाग कधीच संपलेला. तो संपला की गाडीबरोबर आत बसलेल्यांचे संरक्षणही डळमळते. बुडालेली गाडी चालवणाऱ्याने एवढेच करावे : ती चालू करून पाहू नये. पाणी शिरलेले इंजिन फिरवल्याने झालेले नुकसान कंपन्या साध्या पॉलिसीत नाकारतात. फोटो काढावेत आणि मालकाला कळवावे, कारण क्लेमवर सही त्याची लागते आणि पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात.

अपघातानंतरची दिशा

चालवणारा घरचा असो वा बाहेरचा, दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिचा नंबर, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत हीच त्याच्या कुटुंबाची खरी पुंजी. कलम १६६ खाली दावा त्या दुसऱ्या गाडीच्या चालकावर, मालकावर आणि विमा कंपनीवर करायचा. त्या गाडीच्या दृष्टीने आपला पुतण्या निखळ तिसरा पक्ष असतो. २०२२ पासून लागू झालेली तरतूद दावा अपघातापासून सहा महिन्यांत करा असे सांगते, म्हणून बारावे-तेरावे आटोपले की घरातल्या कोणीतरी हे काम अंगावर घ्यावे. दावा अपघात जेथे झाला तेथे, किंवा दावा करणारा जेथे राहतो तेथे लावता येतो. मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. पळून गेलेल्या अज्ञात गाडीने मृत्यू घडवला असेल तरी शासनाच्या योजनेतून दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात.

सावित्रीचा पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाहून गेला, आंबेनळीत २०१८ च्या जुलैमध्ये कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली. आपल्या रस्त्यांचा भरवसा किती धरावा हे या दोन तालुक्यांतल्या माणसाला सांगावे लागत नाही. किल्ली देण्यातला विश्वास आणि घेण्यातला आपलेपणा, या दोन गोष्टी आपल्या एकत्र कुटुंबांत अजून शिल्लक आहेत आणि त्या राहाव्यात. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गाडीला हार घालाल, तेव्हा डिकीतली पॉलिसीही बाहेर काढा. चार गोष्टी पाहा : नाव कोणाचे, नुकसानीच्या भागाची तारीख कोणती, मालकाकडे लायसन आहे का, आणि जो खरोखर गाडी चालवतो त्याच्या नावाने कोठे काही आहे का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या पोराच्या हातात भाऊबिजेच्या ओवाळणीबरोबर त्याच्या स्वतःच्या अपघात विम्याचा कागदही ठेवा.